कर्करुग्णाचे पुनर्वसन : उपचारांच्या पहिल्या दिवसापासून

कर्करोगाचे निदान हाती पडले की घरातील माणसे डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात तो "आमचा माणूस वाचेल ना?" हा. तो विचारला जाणे स्वाभाविकच आहे. परंतु त्याच्या मागोमाग येणारा दुसरा एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. वाचलेला माणूस घास कसा चावणार, हाक कशी मारणार, पाण्याची कळशी कशी उचलणार आणि कामावर पुन्हा हजेरी कशी लावणार, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधणारी वैद्यकशास्त्राची एक शाखा आहे. तिला पुनर्वसन चिकित्सा असे म्हणतात. पुनर्वसन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर धरणग्रस्त किंवा झोपडपट्टीवासीय उभे राहतात. येथेही अर्थ फारसा वेगळा नाही. आपल्याच शरीरातून उठवल्या गेलेल्या माणसाला त्याच शरीरात पुन्हा वसविण्याचे हे काम आहे.

गावाकडून येणाऱ्या रुग्णांसोबत परळला जाण्याचा प्रसंग आम्हांवर वारंवार येतो. तेथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेव्हापासून कोकणातली, देशावरची, खानदेश-विदर्भातली माणसे तेथे येत आली आहेत. शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार या तिन्हींविषयी लोकांना आता बरीच माहिती असते. किरणोपचारांना तर 'शेक' असे घरगुती नावही मिळाले आहे. मात्र केसपेपरवर 'फिजिओथेरपी' असा शेरा पडला की तो कागद पिशवीच्या तळाशी जातो. मालिश-बिलिश असेल, मागाहून बघू, असे म्हणून गावची गाडी धरली जाते. हे 'मागाहून'च पुढे महाग पडते, आणि या लेखात आम्हांस प्रामुख्याने तेच सांगावयाचे आहे.

पुनर्वसन चिकित्सा एकट्या फिजिओथेरपिस्टचे काम नव्हे. हातापायांच्या हालचाली परत आणणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, अंघोळ-स्वयंपाक-नोकरी ही रोजची कामे पुन्हा शिकविणारा व्यवसायोपचारतज्ज्ञ, बोलणे आणि गिळणे शिकविणारा वाक्-उपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि समाजसेवा विभागातील कार्यकर्ते असे सर्व मिळून ते काम करतात. अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट डिट्झ यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या कामाचे चार भाग पाडले आणि ते आजही शिकविले जातात. पहिला भाग प्रतिबंधक, म्हणजे व्यंग येण्यापूर्वीच ते टाळण्याची खटपट. दुसरा पुनर्स्थापक, म्हणजे गेलेली शक्ती परत मिळविणे. तिसरा आधारात्मक, म्हणजे जे परत येणार नाही त्याच्यासह जगायला शिकणे. चौथा उपशामक, म्हणजे रोग हटत नसतानाही माणसाला वेदना कमी आणि हालचाल जास्त मिळवून देणे. यांतील पहिला भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे आणि आपल्याकडे नेमका तोच हातचा जातो. कारण तो शस्त्रक्रियेच्या आधी, किंवा पहिल्या शेकाच्या आधी सुरू व्हावा लागतो. त्या वेळी रुग्ण चालता-बोलता असतो आणि व्यायामाची गरज आहे हे कोणाला पटत नाही.

घरी तर नेमके उलट घडते. आजारी माणसाला आपण प्रेमापोटी खाटेवर निजवितो. "तू काही करू नकोस, पडून राहा," हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. त्यामागची माया आम्ही जाणतो. परंतु शरीराचा स्वभाव असा आहे की ज्या स्नायूला काम नाही तो झिजू लागतो, जो सांधा हलत नाही तो आखडतो. शस्त्रक्रियेचा व्रण भरताना आवळत जातो. किरणोपचारांमुळे कातडीखालचे मऊ भाग हळूहळू तंतुमय व कडक होतात आणि ही क्रिया शेवटच्या शेकाबरोबर थांबत नाही, पुढे कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे चालू राहते. म्हणून उपचार संपले त्या दिवशी ज्याचे तोंड चांगले उघडत होते त्याचे सहा महिन्यांनी उघडेनासे होते. घरच्यांना वाटते रोग परत आला. रोग परत आला की नाही हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावेच लागते, पण पुष्कळदा ते केवळ आखडणे असते.

तोंडाच्या कर्करोगाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो आपल्या घराघरांत शिरला आहे. तंबाखू, मावा, खर्रा, गुटखा आणि बायाबापड्यांची मिश्री ही त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील प्रौढांपैकी शेकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करतात असे आढळले, आणि त्यांतील बहुतेक ती चघळणारे किंवा घासणारे होते. सुपारी-गुटख्याची सवय असलेल्यांचे तोंड तर कर्करोग होण्यापूर्वीच आकसलेले असते. गालाच्या आत पांढरट कडक पट्टे येतात आणि जबडा पुरता उघडत नाही. अशा तोंडावर शस्त्रक्रिया आणि तिच्यावर सहा-सात आठवडे किरणोपचार झाले म्हणजे काय होत असेल याची कल्पना करावी.

तोंड किती उघडते हे पाहण्याची मोजपट्टी प्रत्येकाच्या हातातच आहे. स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालता आली तर तोंड नीट उघडते असे समजावे. दोनच बोटे जात असतील तर सावध व्हावे. तज्ज्ञ मंडळी दातांमधील अंतर ३५ मिलिमीटरहून कमी झाले की जबडा आखडला असे मानतात. जबडा आखडल्याने नुसता घास अडकत नाही. दात घासता येत नाहीत, दाताच्या डॉक्टरला आत पाहता येत नाही, आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आलीच तर भूल देण्यासाठी नळी घालणेही कठीण होते.

यावरचा उपाय जितका साधा तितकाच चिकाटीचा आहे. आईस्क्रीमच्या काडीसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांच्या मध्ये सरकवायच्या, ताण जाणवेपर्यंत न्यायच्या, तशाच धरून ठेवायच्या, आणि असे दिवसातून अनेकदा करायचे. काही दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. जबडा उघडण्यासाठी परदेशी बनावटीची यंत्रेही मिळतात. त्यांची किंमत आपल्या आवाक्याबाहेर आहे, परंतु काड्यांशी त्यांची तुलना करून पाहिली तेव्हा यंत्र काही वरचढ ठरले नाही. म्हणजे खर्च दहा रुपयांचाही नाही. लागतो तो रोजचा वेळ, आणि ज्या घरात माणूस व्यायामाला बसला की कोणीतरी शेजारी बसून मोजतो त्या घरात तो व्यायाम टिकतो असे आम्हांस दिसून आले आहे. शस्त्रक्रियेनंतर तो कोणत्या दिवशी सुरू करायचा हे मात्र सर्जननेच सांगावयाचे असते. मांस लावून गाल शिवलेला असेल तर जखम धरेपर्यंत थांबावे लागते.

गिळण्याचेही तसेच आहे. किरणोपचारांच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटून निघते, थुंकी गिळणेही नकोसे होते. अशा वेळी नाकातून नळी घालून त्यातून पेज, दूध, डाळीचे पाणी दिले जाते. नळी ही रुग्णाचे पोषण टिकवते आणि तिला घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो हा की नळी आली म्हणून माणूस गिळणेच सोडून देतो. घशाचे स्नायू आठवडेच्या आठवडे बिनकामाचे राहिले तर नळी काढल्यावर त्यांना काम आठवत नाही. म्हणून तज्ज्ञांनी परवानगी दिलेल्या रुग्णाने नळी असतानाही रोज थोडे तरी, नाचणीची आंबील, मऊ भात, जे जमेल ते तोंडाने घेत राहावे आणि गिळण्याचे व्यायाम चालू ठेवावेत. जे उपचारांच्या काळात गिळत राहतात त्यांचे जेवण पुढे लवकर रुळावर येते असा जगभरचा अनुभव आहे. पण पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवणानंतर आवाज ओलसर घोगरा होत असेल, तर घास श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला जबरदस्तीने भरवू नये. वाक्-उपचारतज्ज्ञाकडे न्यावे. मान किती वाकवून गिळायचे, पातळ पदार्थ किती दाट करायचा, हे तो तपासून सांगतो.

किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दात दाखवून घेणे हाही पुनर्वसनाचाच भाग आहे. किडके दात आधीच काढून जखम भरू द्यावी लागते. नंतर दात काढला तर शेक लागलेल्या जबड्याचे हाड भरून येत नाही, ते कुजू शकते. गळ्यातील गाठी काढताना खांद्याकडे जाणारी एक शीर दुखावली जाते, मग खांदा खाली पडतो आणि हात डोक्यापर्यंत जात नाही, हेही येथेच सांगून ठेवतो. रुग्णाला वाटते, तोंडाच्या आजारात खांद्याचा काय संबंध! म्हणून तो ते डॉक्टरांना सांगतच नाही.

स्वरयंत्राचा कर्करोग बळावलेला असला तर कधी संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागते. व्हिएन्नातील बिलरॉथ या सर्जनने १८७३ मध्ये ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी केली. तेव्हापासून प्रश्न एकच राहिला आहे, आवाज गेलेल्या माणसाने बोलायचे कसे? आज त्याला तीन वाटा आहेत. अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरेसारखी सोडत त्यातून शब्द काढायचे, ही पहिली. ती फुकट आहे, पण शिकायला महिने लागतात आणि सर्वांना साधत नाही. गळ्याला लावायचे विजेरीवरचे उपकरण ही दुसरी. त्याचा आवाज यंत्रासारखा एकसुरी येतो. तिसरी वाट म्हणजे श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये एक छोटी झडप बसवायची. अमेरिकेत सिंगर आणि ब्लॉम यांनी ही पद्धत १९८० मध्ये मांडली आणि बोलणे सर्वांत नैसर्गिक याच पद्धतीने होते. परंतु झडप काही महिन्यांनी बदलावी लागते आणि परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. बंगळूरचे डॉ. विशाल राव यांनी सुमारे पन्नास रुपयांत देता येईल अशी 'ओम्' नावाची झडप तयार केली, ही या दृष्टीने मोठी गोष्ट म्हटली पाहिजे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही वाचेचे उपचार होतात.

असा रुग्ण नाकाने नव्हे, गळ्याच्या छिद्राने श्वास घेत असतो, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही माहीत असावे. अंघोळीच्या वेळी त्यात पाणी जाऊ नये. नदीत, समुद्रात उतरणे त्याला कायमचे वर्ज्य. धूळ अडविण्यासाठी छिद्रावर सुती फडके असावे. लोकांना विचित्र वाटू नये म्हणून मफलर घट्ट गुंडाळून फिरणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. त्यांची लाज राखण्यापेक्षा त्यांचा श्वास राखणे अधिक महत्त्वाचे आहे.

आता स्तनाच्या कर्करोगाकडे वळू. शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या जातात आणि त्या बाजूच्या हाताच्या दोन तक्रारी सुरू होतात. एक खांदा आखडणे आणि दुसरी हातावर सूज येणे. खांद्याचे व्यायाम दुसऱ्या दिवसापासूनच अगदी हलके सुरू होतात. मूठ उघडणे-मिटणे, कोपर वाकविणे इतपत. काखेतील नळी निघाल्यावर हात हळूहळू वर न्यायचा. भिंतीजवळ उभे राहून बोटे मुंगीसारखी वर चालवीत न्यायची आणि आज कुठवर पोचली तेथे पेन्सिलीची खूण करायची. उद्या त्या खुणेच्या वर. स्वतःची वेणी स्वतः घालणे, दोरीवर कपडे वाळत टाकणे, हेही उत्तम व्यायामच आहेत. यात घाई का, तर किरणोपचाराच्या टेबलावर बाईला हात डोक्यावर नेऊन निजावे लागते. हात तेवढा वर जात नसेल तर पुढचे उपचारच खोळंबतात. दुखते म्हणून लेक आईला हात उचलू देत नाही आणि मग किरणोपचाराची तारीख पुढे जाते, असे होता कामा नये.

दुसरी तक्रार सुजेची. काखेतील गाठी म्हणजे हातातील पातळ लसद्रव परत वाहून नेणाऱ्या वाटांवरची ठाणी. ती काढल्यावर द्रव साचू लागतो आणि हात जड होतो. कधी शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी, तर कधी कित्येक वर्षांनी. वस्तीत लगेच कुजबुज होते की हिला हत्तीरोग झाला. तो हत्तीरोग नव्हे आणि अंगारा-धुपाऱ्याने तो उतरत नाही. सूज नवी असताना विशिष्ट पद्धतीची हलकी मालिश, थरांची पट्टी, मापाची दाबाची बाही आणि व्यायाम यांनी ती पुष्कळ आटोक्यात येते. जुनी झाल्यावर कातडी जाड होते आणि मग कष्ट दुप्पट. त्यामुळे अंगठी किंवा बांगडी एकाएकी घट्ट वाटू लागली, हीच दवाखान्यात जाण्याची वेळ समजावी. त्या हाताला कापणे, भाजणे, काटा टोचणे यांपासून जपावे. हात लाल होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

याच संदर्भात एक जुनी समजूत दुरुस्त करणे आवश्यक आहे. पूर्वी अशा बाईला सांगत असत की या हाताने आयुष्यभर जड उचलू नकोस. कित्येक ठिकाणी आजही तेच सांगितले जाते. ज्या घरात नोकर-चाकर आहेत तेथे हा सल्ला पाळता येईल. जिला हापशावरून पाणी आणायचे आहे, मजुरीला जायचे आहे, नातवाला कडेवर घ्यायचे आहे, तिच्यासाठी तो सल्ला म्हणजे अर्धे आयुष्य काढून घेणे होते. अमेरिकेतील कॅथरिन श्मिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूज असलेल्या स्त्रियांकडून देखरेखीखाली वजने उचलवून घेतली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूज वाढली तर नाहीच, उलट ती एकाएकी उसळण्याचे प्रसंग कमी झाले. गुपित हे की वजन अगदी थोड्यापासून सुरू करून क्रमाक्रमाने वाढविले होते. म्हणजे पहिल्या दिवशी भरलेली कळशी नव्हे. आधी तांब्या, मग अर्धी बादली, आणि हात काय सांगतो ते पाहत पुढे जायचे. फिजिओथेरपिस्टला विचारून हा क्रम ठरवून घेतला तर ती बाई आपल्या कामावर परत जाऊ शकते.

केमोथेरपी चालू असताना येणारा थकवा हा वेगळाच प्रकार आहे. झोप काढून तो जात नाही. दिवसभर निजूनही माणूस गळाठलेलाच उठतो आणि मग घरचे त्याला आणखी निजवितात. या थकव्यावर ज्या उपायांचा गुण दिसून आला आहे त्यांत चालणे-फिरणे सर्वांत वरच्या क्रमांकात आहे, हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनी एकत्र येऊन २०१९ मध्ये जी शिफारस केली ती अशी की, आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास मध्यम गतीने चालावे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही इतपत. अर्धा तास एकदम जमत नसेल तर चाळीच्या गॅलरीत पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्याही चालतात. केमोनंतरचे पहिले दोन-तीन दिवस कठीण जातात, तेव्हा नुसते उठून बसले, घरातल्या घरात वावरले तरी पुष्कळ. मात्र ताप असताना, चक्कर किंवा छातीत दुखत असताना, रक्तातील प्लेटलेट फार उतरल्या असताना व्यायाम करू नये. रोग हाडांत उतरला असेल तर कोणती हालचाल चालेल ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नये, कारण पोखरलेले हाड साध्या वाकण्यानेही मोडते.

व्यायामाने केवळ थकवा जातो की आयुष्यही वाढते, याचे उत्तर फार दिवस नक्की नव्हते. २०२५ मध्ये त्यातील एका भागाचे मिळाले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झालेल्या ८८९ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. बहुतेक रुग्ण कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातील होते. एका गटाला आरोग्यविषयक पुस्तिका दिली, तर दुसऱ्याला तीन वर्षे शिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला. पाच वर्षांनंतर व्यायामाच्या गटात शेकडा ८०.३ लोक रोग न उलटता जगत होते, तर पुस्तिकेच्या गटात ७३.९. आठ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ९०.३ विरुद्ध ८३.२ असे होते. हे निष्कर्ष एका विशिष्ट कर्करोगाचे आहेत. ते सर्वांना सरसकट लावू नयेत आणि व्यायाम करतो म्हणून औषध सोडण्याचा मूर्खपणा तर मुळीच करू नये. ज्यांनी तो व्यायाम केला त्यांनी शस्त्रक्रिया आणि केमो दोन्ही घेतलेले होते.

केमोच्या काही औषधांनी हातापायांच्या टोकांना मुंग्या येतात, बधिरता येते. पायातील चप्पल निसटली तरी कळत नाही, तव्याचा चटका उशिरा जाणवतो. आपल्या चाळींचे उभे जिने आणि न्हाणीघरांतील शेवाळ लक्षात घेता येथे पडण्याची भीती मोठी आहे. मागे पट्टा असलेली चप्पल, जिन्याला धरायला दोरी किंवा कठडा, रात्री न्हाणीघरापर्यंत दिवा, एवढी व्यवस्था तरी घरात करावी. तोल सांभाळण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवितो.

हाडाच्या कर्करोगात पाय काढावा लागण्याचे प्रसंग पूर्वीपेक्षा कमी झाले आहेत, कारण रोगट हाड काढून धातूचा सांधा बसविता येतो. तरी ज्यांना पाय गमवावा लागतो त्यांच्यासाठी मुंबईत हाजीअलीजवळ १९५५ पासून भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे आणि जयपूर पायही आहे. जे रुग्ण अंथरुणाला खिळले आहेत त्यांनाही पुनर्वसन नाही असे समजू नये. दर दोन तासांनी कूस बदलणे, श्वास लागत असेल तर उशा लावून बसविणे व चेहऱ्यावर पंख्याचा वारा घेऊ देणे, खाटेशेजारी भोक पाडलेली खुर्ची ठेवून त्याला शौचासाठी स्वतः उतरू देणे, याने रोग जात नाही. परंतु दुसऱ्याच्या हातून शौच करवून घेण्याची लाचारी काही महिने पुढे ढकलली जाते. ती किती मोठी गोष्ट आहे हे त्या रुग्णालाच विचारावे.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. कर्करोग झालेल्या माणसाचे ताट-वाटी वेगळी काढण्याची चाल अजून काही घरांत आहे. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एका पंगतीत बसल्याने होत नाही. वेगळे भांडे म्हणजे काय हे ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या सोसावे लागले, त्याच्या घरात तरी आजाऱ्याचे भांडे वेगळे असू नये. जबडा कापलेल्या माणसाचे जेवताना सांडते, लाळ गळते, म्हणून तो स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसतो. त्याला बोलावून पंगतीत घेणे हे समुपदेशकाइतकेच घरच्यांचे काम आहे.

शेवटी व्यवहाराच्या गोष्टी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून गरजूंच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमो आणि किरणोपचार होतात, पण दर आठवड्याचे येणे-जाणे आणि बुडालेला रोज हे रुग्णाच्याच खिशातून जाते. व्यायाम सुटतो तो आळसापेक्षा यामुळे अधिक. तेव्हा घरी सोडतानाच व्यायाम कागदावर लिहून घ्यावा, शक्य तर फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवावा आणि भ्रमणध्वनीवर त्याचे चित्रण करून घ्यावे. पुढची देखरेख जवळच्या शासकीय रुग्णालयातही होऊ शकते. विदर्भातील लोकांना नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि मराठवाड्यातील लोकांना छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जवळ पडते. मुंबईत राहण्याची सोय नसेल तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करुग्ण व त्यांचे नातलग उतरतात. त्यासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे चौकशी करावी.

नोकरदारांनी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा माहीत करून घ्यावा. स्वरयंत्र काढल्यामुळे वाचा जाणे हे या कायद्याच्या परिशिष्टात नावानिशी नमूद आहे. अवयव गमावल्याने आलेले अपंगत्वही त्यात येते. त्याचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळविता येते. त्याच कायद्याच्या विसाव्या कलमानुसार नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून शासकीय आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे काम द्यावे लागते. एसटीच्या वाहकाचा आवाज गेला म्हणून त्याने राजीनामा लिहून देण्याचे कारण नाही. आमच्या माहितीतील एका कर्मचाऱ्याकडून त्याच्या कार्यालयाने असा राजीनामा जवळजवळ घेतलाच होता. कलमाचा आकडा दाखविल्यावर कागद परत मिळाला.

रेल्वेत उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला शयनयान आणि तृतीय वातानुकूलित वर्गात पूर्ण भाडे माफ आहे. सोबत्यास याच वर्गांत तीन-चतुर्थांश सवलत मिळते. त्याचा ठराविक नमुन्यातील दाखला रुग्णालयातून भरून घ्यावा लागतो. तो घेताना फिजिओथेरपीची तारीख आणि डॉक्टरांच्या तपासणीची तारीख एकाच दिवशी मागून घ्यावी, म्हणजे एका फेरीत दोन्ही कामे होतात.